सामान घेऊन किनारपट्टीच्या प्रवासाला स्टीलची सायकल : वडिलांची चोवीस इंची, जुनी माउंटन बाइक की नवी टूरिंग?

किनारवाट (प्रश्न)

नमस्कार. दिवाळीनंतर अलिबागहून निघून किनाऱ्याकिनाऱ्याने वेंगुर्ल्यापर्यंत जावे आणि परतताना सावंतवाडीकडून आंबोली चढून कोल्हापूरला यावे, असा माझा बेत आहे. वाटेत आगरदांडा-दिघी, बागमांडला-वेसवी, दाभोळ-धोपावे आणि तवसाळ-जयगड या फेरीबोटी लागतील. हा रस्ता ज्यांनी पाहिला आहे त्यांना ठाऊक असेल, की नकाशावर तो समुद्राला धरून निवांत चाललेला दिसतो, पण प्रत्यक्षात एकेक खाडी ओलांडली की पुन्हा सड्यावर (जांभ्याच्या पठारावर) चढावे लागते, आणि हे चढ घाटाइतके लांब नसले तरी पुष्कळदा घाटापेक्षा उभे असतात. माझे वजन 78 किलो आहे. तंबू, कपडे आणि स्वयंपाकाचे थोडे साहित्य मिळून सामान सुमारे 16 किलो होईल.

माझ्यासमोर तीन पर्याय आहेत. पहिला, वडिलांनी 1984 साली घेतलेली चोवीस इंची (हे माप फ्रेमचे, चाकाचे नव्हे) काळी सायकल. ती आजही चालते आणि तिच्यावरच मी सायकल शिकलो. दुसरा, पुण्यातील एका परिचितांकडे असलेली नव्वदीच्या सुरुवातीची, सस्पेन्शन नसलेली, क्रोमोलीची (क्रोमियम-मॉलिब्डेनम मिसळलेल्या स्टीलची) माउंटन बाइक. तिला पुढे 42-34-24 दात्यांच्या तीन चकत्या, मागे 14 ते 28 दात्यांचे सात गिअर आणि कँटिलिव्हर ब्रेक आहेत. तिसरा, 700-सी मापाच्या चाकांची, डिस्क ब्रेकची नवी टूरिंग सायकल, जिच्यासाठी माझी सारी शिल्लक खर्च होईल. यातली कोणती निवडावी, स्टीलच्या प्रतीला किती महत्त्व द्यावे आणि कोणत्या दुरुस्त्या निघण्यापूर्वीच करून घ्याव्यात, याबद्दल अनुभवी मंडळींनी मार्गदर्शन करावे, ही विनंती.

घाटमाथा

मी दुसरा पर्याय निवडेन, आणि त्याचे पहिले कारण चाकाच्या मापात आहे. आपल्या वडिलांच्या सायकलचे 28 × 1½ टायर कोकणातील लहानशा गावातही मिळते. माउंटन बाइकचे 26 इंची रुंद टायर तालुक्याच्या ठिकाणी नक्की मिळते, कारण शाळेत जाणाऱ्या पुष्कळ मुलांच्या सायकलींना तेच असते. 700-सीचे मात्र मोठ्या शहराबाहेर हमखास मिळेल असे धरून चालू नये.

टायर घेताना इंचांच्या आकड्यावर मुळीच विसंबू नका. एकदा मी मुक्कामाच्या गावी घाईघाईने "सव्वीसचे टायर द्या" म्हणून घेतले आणि रात्री कंदिलाच्या उजेडात तासभर खटपट केल्यावर लक्षात आले, की दुकानदाराने 26 × 1⅜ दिले होते. त्याची बैठक (रिमवर बसण्याचा व्यास) 590 मिमीची असते आणि माझ्या रिमची 559. तब्बल 31 मिमीचा फरक! टायरच्या बाजूला 47-559 असा जो उठावातला आकडा असतो, त्यातील दुसरा भाग जुळला तरच ते टायर आपले. वडिलांच्या सायकलला हा आकडा 635 आणि 700-सीला 622 असतो. पुष्कळ ठिकाणी या दोन्हींना "अठ्ठावीस" म्हणतात, पण ती एकमेकांच्या जागी बसत नाहीत.

दुसरे कारण गिअरचे आहे. पेडलच्या एका फेऱ्यात सायकल किती पुढे जाते, एवढेच मोजावे. पुढे 44 आणि मागे 18 दाते असलेली साधी काळी सायकल एका फेऱ्यात जवळजवळ साडेपाच मीटर जाते. सपाटीवर हे छान वाटते, पण सड्याच्या उभ्या चढावर सामानासह तेवढे अंतर एका दमात ओढणे गुडघ्यांना परवडत नाही. माउंटन बाइकची सर्वांत हलकी जोडी, म्हणजे 24 आणि 28, सुमारे 1.75 मीटर जाते. मागे 34 दात्यांची चकती घातली तर हे अंतर 1.45 मीटरच्या आत येते, म्हणजे मिनिटाला 60 फेरे मारले की ताशी सुमारे 5 किलोमीटर. हा चालण्याचाच वेग झाला, परंतु बसून आणि दम न लागता. आंबोली समुद्रसपाटीपासून सुमारे 690 मीटरवर आहे. तिथे आपल्याला हाच गिअर लागेल. मागचा डिरेलर (चेन एका चकतीवरून दुसरीवर नेणारा भाग) 34 दात्यांपर्यंत पोहोचतो का, हे मात्र आधी पाहावे.

स्टीलच्या प्रतीविषयी पुष्कळ बोलले जाते, त्यातले थोडेच कामाचे असते. साधे स्टील असो, 4130 क्रोमोली असो की 1935 साली आलेले रेनॉल्ड्स कंपनीचे 531 हे मिश्र स्टील असो, त्यांची ताठरता जवळपास सारखीच असते. मिश्र स्टील अधिक ताण सोसते, म्हणून त्याची नळी पातळ ठेवता येते आणि फ्रेम हलकी होते. त्यापलीकडे जादू नाही. खड्ड्यांतला आराम मुख्यतः रुंद टायर आणि त्यातील बेताची हवा यांच्याकडून मिळतो. फ्रेमवरचे लेबल खरे आहे का, याचा अंदाज घ्यायचा असेल तर सीटचा दांडा काढून व्हर्निअरने मोजा. जुन्या फ्रेमच्या सीटच्या नळीचा बाहेरचा व्यास बहुधा 28.6 मिमी असतो. दांडा 26.8 किंवा 27.2 मिमीचा निघाला तर नळी पातळ, म्हणजे चांगल्या स्टीलची; 25.4 निघाला तर नळी दीड मिमीहून जाड, म्हणजे साधी आहे.

विकत घेण्यापूर्वी फ्रेमची तपासणी डोळ्यांपेक्षा बोटांनी करा. हँडलच्या नळीलगत खालच्या तिरप्या नळीच्या पोटावरून अंगठा फिरवा. तिथे रंगाला सुरकुती किंवा फुगवटा लागला, तर सायकल कधीतरी समोरून आदळली आहे. मग मागच्या एका ड्रॉपआउटपासून (चाकाचा एक्सल बसतो त्या फ्रेमच्या खाचेपासून) दोरी हँडलच्या नळीला वळसा घालून दुसऱ्या ड्रॉपआउटला बांधा आणि दोरीपासून सीटच्या नळीचे अंतर दोन्ही बाजूंनी मोजा. दोन-तीन मिमीहून अधिक फरक असेल तर फ्रेम वाकडी आहे. स्टीलची असल्याने ती सरळ करता येते, पण मग किमतीत तसा विचार व्हावा.

नवी टूरिंग सायकल वाईट नाही. आपल्या या एका प्रवासासाठी सारी शिल्लक तिच्यात घालावी, असे मला वाटत नाही, एवढेच.

छत्तीसतारा

घाटमाथा यांच्या निवडीशी मी सहमत आहे, पण माझ्या मते सामानाच्या सायकलचा जीव मागच्या चाकात असतो. माझ्या जुन्या सायकलची फ्रेम उत्तम होती. रत्नागिरीहून पावसकडे जाताना चढावर मागच्या चाकाचा एक स्पोक फ्रीव्हीलच्या (हबवर आट्यांनी बसणाऱ्या मागच्या चकत्यांच्या संचाच्या) बाजूला, हबपाशी जिथे तो वळतो तिथे, तुटला. चाक लगेच आऊट होऊन, म्हणजे वाकडे फिरू लागून, ब्रेकच्या रबराला घासू लागले. शेजारचे दोन स्पोक थोडे सैल करून मी कसाबसा परत शहरात आलो, पण त्या बाजूचा स्पोक घालायला फ्रीव्हील काढावेच लागते, आणि माझ्या फ्रीव्हीलला लागणारा खाचांचा पाना ना माझ्याकडे होता ना दुकानात. कारागिराने छिन्नी लावून हातोडा मारला. फ्रीव्हील निघाले, पण त्याची कड फुटली. दोष त्याचा नव्हता. तो पाना मी सोबत ठेवायला हवा होता.

तेव्हापासून मी चाके स्वतः बांधतो. स्पोक एकदम फार वजन पडले म्हणून क्वचित तुटतो. तो बहुधा सैल असतो म्हणून तुटतो, कारण सैल स्पोक चाकाच्या प्रत्येक फेऱ्यात ढिला-ताठ होत राहतो आणि वळणाच्या जागी हळूहळू थकतो. म्हणून 36 भोकांचे रिम, 2 मिमीचे स्टेनलेस स्पोक आणि तीन छेदांची गुंफण (प्रत्येक स्पोक इतर तिघांना छेदून जाणारी) घेऊन चाक चांगले ताणून बांधावे. आऊट काढून झाल्यावर समांतर जाणाऱ्या स्पोकच्या जोड्या हाताने जोरात आवळाव्यात, म्हणजे वळणे हबमध्ये नीट बसतात; मग पुन्हा आऊट पाहावा. एका बाजूचे स्पोक नखाने छेडले तर सर्वांचा सूर साधारण एक यायला हवा. ही परीक्षा मला कोणत्याही यंत्राइतकी भरवशाची वाटते.

आपल्या सायकलला मागे फ्रीव्हील आहे की कॅसेट (हबच्याच फिरत्या भागावर सरकवून बसवलेल्या चकत्या), हे पाहून सांगा. फ्रीव्हीलच्या हबमध्ये उजवीकडचे छर्रे फार आत असतात, त्यामुळे एक्सलचा बाहेरचा मोठा तुकडा निराधार राहतो आणि वजनाखाली वाकतो किंवा तुटतो. कॅसेटच्या हबमध्ये ते छर्रे जवळजवळ टोकाशी असतात. मागच्या दोन ड्रॉपआउटमधील अंतर 135 मिमी असेल तर कॅसेटचा हब सरळ बसेल. पैसे खर्च करायचेच असतील तर इथे करा.

ब्रेकबद्दलही सांगतो. कँटिलिव्हर काढून व्ही-ब्रेक बसवणार असाल तर हँडलवरचे लिव्हरही व्ही-ब्रेकचेच घ्या. व्ही-ब्रेकला केबल अधिक लांब ओढावी लागते, आणि जुन्या लिव्हरवर ती पुरेशी ओढली जात नाही. वडिलांच्या सायकलचे सळईचे ब्रेक स्टीलच्या ओल्या रिमवर जवळजवळ धरतच नाहीत. त्या सायकलवरून सामानासह घाट उतरू नये, हे मी अगदी कळकळीने सांगतो.

किनारवाट

दोघांचेही मनापासून आभार. काल पुण्याला जाऊन सायकल पाहिली. सीटचा दांडा 26.8 मिमीचा आहे, दोरीच्या मापात 1 मिमीचाच फरक आला आणि तिरप्या नळीला सुरकुती नाही. मागे फ्रीव्हील आहे, पण अंतर 135 मिमी आहे, त्यामुळे कॅसेटचे नवे चाक बांधून घेण्याचे ठरवले आहे. दोन अडचणी निघाल्या. सायकल उलटी केल्यावर सीटच्या नळीतून तांबूस भुकटी पडली, आणि डाव्या ड्रॉपआउटवरील कॅरियरच्या स्क्रूची कडी तुटलेली आहे. क्रँकही (पेडल जोडलेला दांडा) हाताने हलवला तर किंचित डुगडुगतो. एवढ्यावर ती नाकारावी का?

पितळजोड

नाकारू नये. मी बरीच वर्षे गॅसवर जोडकाम करतो, म्हणून एवढ्यावर लिहितो.

कडी ड्रॉपआउटच्या जाड पट्टीवर असते, त्यामुळे तिथे पितळेचा गॅसजोड सुरक्षितपणे देता येतो. चाक, केबल आणि डिरेलर आधी काढून घ्या, तसेच जवळच्या पातळ नळीवर ओले फडके गुंडाळायला सांगा. इलेक्ट्रिक आर्कने हे काम करू देऊ नका, कारण पातळ नळीला भोक पडायला क्षण पुरतो. जोड झाल्यावर त्यावर पाणीही ओतू देऊ नका. आपल्याकडे काम लवकर हाती द्यायचे म्हणून सर्रास पाणी मारतात, पण लाल झालेले क्रोमोली एकदम थंड केले तर ते कडक आणि ठिसूळ होते. ते हवेतच निवू द्यावे. कॅरियरचा स्क्रू आतून बाहेर निघेल इतका लांब घेऊन त्यावर दुसरा चेक-नट लावा, म्हणजे जांभ्याच्या रस्त्यावरच्या हादऱ्यांनी तो सैल होणार नाही.

तांबूस भुकटी वरवरच्या गंजाची असू शकते. तिरप्या नळीवर आणि क्रँकच्या कवचाखाली (क्रँकचा एक्सल फिरतो त्या फ्रेमच्या आडव्या नळीखाली) छोट्या पान्याने हलके टकटक करा; आवाज सगळीकडे खणखणीत आला आणि कुठे दबले नाही, तर धातू शाबूत आहे. मग सारे भाग उतरवून फ्रेम उन्हात दोन दिवस वाळवा, नळ्यांमध्ये जवसाचे उकळलेले तेल ओता, फ्रेम सर्व दिशांना फिरवा आणि उरलेले तेल निथळू द्या. हे तेल हवेत वाळून आतून पातळ पापुद्रा धरते. कच्च्या तेलाला वाळायला फार दिवस लागतात. क्रँकच्या कवचाला तळाशी भोक नसेल तर 4 मिमीचे पाडून घ्या, कारण सीटच्या नळीतून शिरलेले पाणी तिथेच साचते. तेलाची फडकी चुरगाळून कोपऱ्यात टाकू नका. वाळताना ती आपोआप तापतात आणि पेट घेतात. बादलीत पाण्यात भिजवून ठेवा किंवा अंगणात पसरून वाळवा.

क्रँकच्या डुगडुगण्यासाठी कप (कवचातील छर्ऱ्यांच्या वाट्या) काढायला लागतील. उजव्या बाजूचा कप उलट्या आट्यांचा असतो, म्हणजे तो घड्याळाच्या दिशेने फिरवल्यावर सुटतो. हे माहीत नसलेल्या एका दुकानात माझ्या डोळ्यांदेखत लांब पाइप लावून कप उलट्या दिशेने आवळला गेला आणि कवचाच्या आट्या गेल्या. म्हणून काम चालू असताना आपण शेजारी उभे राहा. छर्रे जुने परत घालू नयेत. नवे चहाच्या दोन पेल्यांच्या किमतीत येतात.

फेरीबोटीच्या डेकवर खारे पाणी आणि वाळू दोन्ही असतात. उतरल्यावर पहिल्या विहिरीपाशी किंवा नळावर बादलीभर गोडे पाणी ओतून सायकल पुसा आणि चेनला तेल द्या. चेन निघण्यापूर्वी पोलादी पट्टीने मोजा: एका पिनेपासून 24 कड्या सोडून पुढची पिन बरोबर 12 इंचांवर यायला हवी. सोळांश इंच पुढे गेली असेल तर चेन बदला, आणि अष्टमांश गेली असेल तर मागच्या चकत्याही झिजल्या असे समजा.

घाटमाथा

वडिलांची सायकल अशीच पडून राहू नये, म्हणून एक पुरवणी. मागे 22 दात्यांचे फ्रीव्हील घातले तर एका फेऱ्याचे अंतर साडेचार मीटरवर येते आणि गावातले चढ सहज निघतात. पेडल मारताना दर फेऱ्याला "टक्" असे एकदा वाजत असेल तर कॉटर पिन (क्रँक एक्सलवर घट्ट धरणारी पाचर) सैल आहे. ती ठोकताना क्रँकखाली लोखंडी पाइपाचा तुकडा जमिनीपर्यंत टेकवा, म्हणजे हातोड्याचा मार छर्ऱ्यांवर न जाता पाइपातून जमिनीत जातो. नाहीतर कपाला खड्डे पडतात. पाइप इतक्या रुंद तोंडाचा घ्या, की पिनेचे खालचे टोक त्यात मोकळे राहील.