‘जीबीएसची लागण’ म्हणावं का?

हातपाय लुळे पाडणाऱ्या जीबीएस या आजाराची पानभर माहिती, रुग्णाच्या घरच्यांसाठी, मराठीत लिहायचं काम माझ्याकडे आलं आहे. जानेवारी २०२५ मध्ये पुण्यात सिंहगड रस्ता, नांदेड, किरकटवाडी, धायरी या भागात हा आजार एकाएकी वाढला. पुढे रुग्णांचा आकडा दोनशेच्या वर गेला. त्या दिवसांत ‘जीबीएसची लागण’, ‘जीबीएसची साथ’, ‘दुर्मिळ मेंदूविकार’ हे शब्द रोज कानावर पडत होते. काही जण तर ‘जीबीएसचा विषाणू’ असंही म्हणत होते.

मला यातला एकही शब्द पटत नाही, पण त्याऐवजी काय लिहावं हेही नीट सुचत नाही. ज्या आईचा मोठा मुलगा आयसीयूत आहे, तिने ‘लागण’ वाचलं की धाकट्याला लगेच आजोळी पाठवेल. म्हणून शब्द तपासून घ्यायचे आहेत. जीबीएसचं पूर्ण नावही कसं लिहावं? गुलेन बॅरी, गुईलेन बॅरे, गिया बारे, सगळंच दिसतं. आणि ‘नर्व्ह’ला काय म्हणावं, मज्जातंतू, चेता की नस?

प्रतिसाद

मी डॉक्टर आहे, असे रुग्ण पाहिले आहेत. ‘जीबीएसची लागण’ हा शब्दप्रयोग चूक आहे आणि तो सोडायलाच हवा. जीबीएस एकाचा दुसऱ्याला होत नाही. पुण्यात अनेक रुग्णांच्या शौचाच्या नमुन्यांत कॅम्पायलोबॅक्टर जेजुनी हा जिवाणू सापडला, काहींमध्ये नोरोव्हायरस हा विषाणूही. लागण होते ती या जंतूंची, दूषित पाण्यातून किंवा कच्च्या राहिलेल्या चिकनमधून. त्यातून जुलाब होतात. ते थांबल्यावर, साधारण एक ते तीन आठवड्यांनी, हजारात एखाद्याला जीबीएस होतो. या जिवाणूच्या वेष्टनावरचे काही रेणू आपल्या मज्जातंतूंवरच्या रेणूंसारखेच असतात. जिवाणूविरुद्ध शरीराने तयार केलेले प्रतिपिंड (अँटीबॉडी) त्या सारखेपणामुळे आपल्याच मज्जातंतूंवर जातात.

म्हणून ‘जुलाबाच्या जंतूची लागण झाली, त्यानंतर जीबीएस झाला’ असं दोन क्रियापदांत लिहा. ते एका क्रियापदात कोंबलं की चूक होते.

प्रतिसाद

‘लागण’ शब्दाबद्दल थोडं. आमच्याकडे कोल्हापूर-सांगलीत उसाचीही लागणच असते. कांडी बाहेरून आणायची, सरीत दाबायची, मग ती रुजते. रोगाच्या लागणीतही हाच भाव आहे: बाहेरून काहीतरी आलं आणि अंगात रुजलं. जंतूला तो चपखल बसतो. पण वर डॉक्टरांनी सांगितलं ते पाहता जीबीएसमध्ये मज्जातंतूंवर हल्ला करणारं बाहेरचं कोणी नाही, तेव्हा तिथे हा शब्द मुळातच लागू पडत नाही.

‘साथ’ मात्र मी इतक्या सहज सोडणार नाही. एका भागात, एका वेळी, एका विहिरीच्या पाण्यामुळे पुष्कळ माणसं आजारी पडली तर मराठीत त्याला साथच म्हणतात.

प्रतिसाद

साथ होती ती जुलाबांची, असं म्हटलं तर? ‘साथीचा रोग’ ऐकलं की लोक शेजाऱ्याकडे जाणं बंद करतात. आरोग्य खात्याच्या कागदांत ‘उद्रेक’ असतो. त्यात एकाएकी वाढल्याचा अर्थ येतो, पण एकाकडून दुसऱ्याकडे गेल्याचा येत नाही. मला तो बरा वाटतो.

प्रतिसाद

आयसीयूत परिचारिका होते, आता निवृत्त आहे. तुमच्या पानावर ‘नस’ नको. आमच्या वॉर्डात ‘नस सापडत नाही’ म्हणजे सलाईनसाठी शीर सापडत नाही. मानेत ‘नस दबली’ म्हणतात ती वेगळी. ‘नसांचा आजार’ म्हटलं की घरचे विचारतात, रक्त गोठलंय का?

‘चेता’ शाळेतल्या मुलांना कळतो, त्यांच्या विज्ञानाच्या पुस्तकात चेतासंस्था आहे. पण वॉर्डाबाहेर बाकावर बसलेले असतात ते आजोबा आणि मावश्या. त्यांच्यापर्यंत ‘मज्जातंतू’ पोचतो, कारण दवाखान्याच्या पाटीवर ‘मेंदू व मज्जातंतू विकार’ असं वाचलेलं असतं. त्यात एकच धोका आहे. तपासणीसाठी पाठीतलं पाणी काढायचं म्हटलं की ‘हाडातली मज्जा काढणार का?’ असा प्रश्न येतो, आणि त्या भीतीने सही करायला उशीर होतो. तेव्हा ‘हे पाणी मज्जारज्जूभोवतीचं असतं, हाडातलं नाही’ हे वाक्य नक्की घाला. बाकी मज्जातंतूच ठेवा.

आणि ‘मेंदूविकार’ पहिल्यांदा खोडा. या आजारात मेंदू शाबूत असतो. माणूस व्हेंटिलेटरवर निश्चल पडलेला असला तरी त्याला सगळं ऐकू येतं, सगळं समजतं. घरच्यांनी त्याच्याशी बोलत राहायला हवं. ‘मेंदूविकार’ वाचलेले लोक पलंगापाशी उभे राहून त्याच्यासमोरच खर्चाचं बोलतात. हे मी फार पाहिलं आहे.

प्रतिसाद

आपल्याकडे धनुर्वात, कंपवात, अर्धांगवायू अशी किती सुरेख नावं आहेत! धनुर्वातात शरीर धनुष्यासारखं ताणतं, नावातच लक्षण आलं. तसंच ‘लुळेवात’ का घडवू नये?

प्रतिसाद

(वरचाच डॉक्टर.) ‘लुळा’ शब्द घ्या, ‘वात’ नको. इथे वेळ फार मोलाचा आहे. इम्युनोग्लोब्युलिन (रक्तदात्यांकडून मिळवलेले प्रतिपिंड) पहिल्या दोन आठवड्यांत दिलं तर त्याचा उपयोग सिद्ध झालेला आहे. रक्तद्रव (प्लाझ्मा) बदलण्याच्या उपचाराला चार आठवड्यांपर्यंत वाव असतो. नावात ‘वात’ आला तर घरात तेल चोळण्यात आठवडा जाईल.

पण ‘लुळा पडणे’ हे अचूक वर्णन आहे. पोलिओच्या देखरेखीत पंधरा वर्षांखालच्या मुलांमधला अचानक आलेला लुळेपणा नोंदवतात. भारतात जंगली पोलिओ विषाणूचा शेवटचा रुग्ण २०११ मध्ये सापडला. आता अशा नोंदींमागे जीबीएस हे एक मोठं कारण असतं. लुळेपणा म्हणजे स्नायू सैल पडणं, ताठरणं नव्हे. आणि अर्धांगवायूत शरीराची एक बाजू जाते. जीबीएसमध्ये बहुधा दोन्ही पायांपासून सुरुवात होऊन लुळेपणा वर चढतो. म्हणून ‘अर्धांग’ आणि ‘लकवा’ दोन्ही टाळा.

नावाचं म्हणाल तर १९१६ मध्ये गिलँ, बारे आणि स्ट्रोल या तिघांनी दोन फ्रेंच सैनिकांचं वर्णन केलं. पाठीतल्या पाण्यात प्रथिन वाढलेलं, पण पेशी वाढलेल्या नाहीत, ही त्यांची खूण आजही निदानात वापरतात. स्ट्रोल नावातून गळला, हा त्याच्यावर अन्यायच आहे. फ्रेंचमध्ये तिथे ‘गु’ नाही, ‘गि’ आहे, आणि शेवटी ‘बारे’, ‘बॅरी’ नव्हे. ‘गिलँ-बारे’ एकदा लिहा, पुढे जीबीएस चालेल. लोक तेच बोलतात.

मूळ प्रश्नकर्ती

सर्वांचे आभार. मसुदा असा होतो आहे:

‘तुमच्या माणसाला गिलँ-बारे सिंड्रोम म्हणजे जीबीएस झाला आहे. हा आजार त्याच्यापासून तुम्हाला होणार नाही. मज्जातंतू मेंदूचा निरोप स्नायूंपर्यंत नेतात. विजेच्या तारेवर प्लॅस्टिक असतं तसं त्यांच्यावर एक आवरण असतं. या आजारात शरीराचे स्वतःचेच प्रतिपिंड त्या आवरणाला किंवा आतल्या तंतूला इजा करतात, म्हणून हातपाय लुळे पडतात. मेंदू चांगला आहे, त्याच्याशी बोला. प्रतिकारशक्ती वाढवण्यासाठी इम्युनोग्लोब्युलिनचं इंजेक्शन देतील. रुग्ण पूर्ण बरा होतो.’

प्रतिसाद

(डॉक्टर.) शेवटची दोन वाक्यं बदलूया.

‘प्रतिकारशक्ती वाढवण्यासाठी’ हे उलटं आहे. ‘शक्ती’ म्हटलं की ती वाढलेलीच चांगली असं वाटतं, मग घरचे काढे आणि टॉनिकं घेऊन येतात. इथे प्रतिकार कमी पडलेला नाही, तो चुकीच्या ठिकाणी चालला आहे. हजारो रक्तदात्यांच्या रक्तद्रवातून मिळवलेले प्रतिपिंड शिरेतून देऊन हा हल्ला शमवायचा असतो. १९८५ मध्ये अमेरिकेतल्या चाचणीत रक्तद्रव बदलण्याचा उपयोग दिसला, १९९२ मध्ये नेदरलँड्समधल्या चाचणीत इम्युनोग्लोब्युलिन त्याच्या तोडीचं ठरलं. म्हणून ‘हल्ला शमवण्यासाठी’ लिहा. नुसत्या स्टिरॉइडने या आजारात फायदा होत नाही, तेही लिहा, कारण नातेवाईक ते मागतात.

आणि ‘पूर्ण बरा होतो’ असा शब्द देऊ नका. बहुतेक जण पुन्हा चालू लागतात, पण त्याला आठवडे, कधी महिने लागतात. सहा महिन्यांनंतरही सुमारे पाचातल्या एकाला आधाराशिवाय चालता येत नाही, आणि उत्तम उपचार मिळूनही काही रुग्ण दगावतात. ‘सावरणे’ हा शब्द घ्या. त्यात वेळ लागणं आहे, आधार आहे, आणि खोटं आश्वासन नाही. ‘बहुतेक रुग्ण हळूहळू सावरतात, व्यायामोपचार लवकर सुरू करावे लागतात’ एवढं लिहा.

मूळ प्रश्नकर्ती

घेतला. ‘दगावतात’ पानावर घालू की डॉक्टरांनी समोर बसून सांगावं?

प्रतिसाद

(परिचारिका.) पानावर नको. समोर बसून सांगावं, आणि घरातल्या एकाला नाही, दोघांना एकत्र.