ठाणे ते ठाणे: कोयनेच्या पाण्यामागून

ए ११०४: नमस्कार. फेब्रुवारीच्या शेवटी आम्ही दोघं गाडी घेऊन निघायचं म्हणतोय. डोंगर, समुद्र, जंगल, तिन्ही हवं आहे. रजा पाचच दिवस. हायवेने थेट गोवा गाठायचा आणि येताना वाटेत थांबत यायचं असं डोक्यात आहे. कोणी केलंय का असं? गाडी छोटी आहे, घाटात चालवायची फारशी सवय नाही.

सी ८०४: बी विंगचे काका-काकू गेले होते ना मागच्या मार्चमध्ये? काकूंच्या स्टेटसला कासवांची पिल्लं होती.

बी ६०२ काकू: हो, आम्हीच. नऊ दिवस होतो. जेवणं उरकली की सविस्तर लिहिते.

सेक्रेटरी: सर्वांना कळवण्यात येते की उद्या सकाळी १० ते १ ओव्हरहेड टाकीची सफाई आहे. पाणी भरून ठेवावे.

बी ६०२ काकू: हां, बसले आता. अरे, पहिली गोष्ट म्हणजे गोवा सोड. पाच दिवसांत गोवा करून परत यायचं तर तू नुसती गाडी चालवशील आणि ती शेजारी बसून मैलाचे दगड मोजेल. कोकणातल्या किनाऱ्याच्या रस्त्यावर मोबाइल सांगतो त्या वेळेत कोणी पोचत नाही. गावातून गेलेला अरुंद रस्ता, समोरून एसटी आली की एकाने मागे घ्यायचं, शिमगा असेल तर पोरं दोरी धरून पोस्त मागायला उभी. तिथे दिवसाला शंभर-सव्वाशे किलोमीटर खूप झाले. हे आधी मनाशी पक्कं कर, मग बाकीचं सगळं सोपं आहे.

आमचा रस्ता सांगते. पहाटे पाचला निघालो, घोडबंदर रोड मोकळा मिळाला. एक्सप्रेसवे, पुणे, खंबाटकी घाट, सातारा. साताऱ्याहून कासच्या पठारावरून बामणोली. मार्चमध्ये कासवर फुलं नसतात, ती सप्टेंबरची गोष्ट, त्यामुळे गर्दीही नसते. बामणोली कोयनेच्या शिवसागर जलाशयाच्या काठाला आहे. पलीकडे कोयना अभयारण्याचं जंगल, वासोट्याचा डोंगर. बोटीने पलीकडे जाता येतं, पण वासोटा चढायचा तर वन खात्याची परवानगी लागते, ओळखपत्र जवळ ठेवा आणि सकाळी लवकर निघा, कारण अंधाराच्या आत बोटीने परत यावं लागतं. आम्ही चढलो नाही. संध्याकाळी काठावर बसून राहिलो. पाणी इतकं स्थिर होतं की लांबच्या नावेवर दोन माणसं बोलत होती ते आम्हाला ऐकू येत होतं.

डी ३०१ काका: वहिनी, बामणोलीला मुक्काम केलात हे मला माहीतच नव्हतं. आमचं गाव तिथेच, त्या पाण्याखाली.

बी ६०२ काकू: काका, काय सांगता! इतकी वर्षं एका सोसायटीत राहतोय आपण.

डी ३०१ काका: धरणाचं काम चालू होतं तेव्हा गाव उठवलं. आमच्या लोकांना ठाणे जिल्ह्यात जमीन मिळाली, म्हणून आम्ही इकडचे झालो. माझा जन्म इथलाच. आई मात्र लग्न होऊन त्या गावात गेली होती, चार-पाच वर्षं नांदली तिथे. ती अजून सांगते, भातखाचरं नदीच्या अगदी कडेला होती. तुमचं पुढे लिहा. मी वाचतोय.

बी ६०२ काकू: लिहिते. दुसऱ्या दिवशी कराडवरून शिराळ्याकडे वळून चांदोली. तुला जंगल हवंय ना, तर चांदोली हे राष्ट्रीय उद्यान आहे, २००४ साली जाहीर झालं. कोयना अभयारण्य आणि चांदोली मिळून २०१० मध्ये सह्याद्री व्याघ्र प्रकल्प झाला. वाघ दिसेल म्हणून जाऊ नकोस. आम्हाला गवे दिसले, सांबर दिसलं, शेकरूची घरटी दिसली आणि झोळंबीचा सडा दिसला. काळ्या कातळाचं उघडं पठार, वाळलेलं सोनेरी गवत, नजर जाईल तिथपर्यंत माणूस नाही.

पण माझ्या मनात राहिलं ते दुसरंच. जंगलात मध्येच आंब्याची मोठमोठी झाडं एका ओळीत लागली. गाइड म्हणाला, हे गाव होतं. धरणासाठी आणि जंगलासाठी गावं उठली. घरांची जोती अजून आहेत. एका जोत्यासमोर तुळशीवृंदावन होतं, निम्मं ढासळलेलं. आणि त्यात तुळस नव्हे, रानातलंच काहीतरी उगवून हिरवंगार झालं होतं. मी खाली उतरून हात जोडले. काका, तुमचा मेसेज वाचल्यावर ते वृंदावन परत डोळ्यांसमोर आलं.

सी ८०४: काकू, अंगावर काटा आला.

बी ६०२ काका: मी घाटाबद्दल लिहितो, ए विंगच्या दादांनी विचारलंय म्हणून. चांदोलीहून मलकापूरला येऊन आंबा घाटाने रत्नागिरीकडे उतरलो. तिथे माझी चूक झाली. उतार छान लागला म्हणून वरच्या गिअरमध्ये ठेवून ब्रेकवरच गाडी खेळवत राहिलो. अर्ध्या घाटात जळका वास आणि ब्रेकचं पेडल मऊ. कडेला मोकळी जागा बघून थांबलो. बाटलीतलं पाणी चाकावर मारणार तेवढ्यात टपरीवाला ओरडत आला, ‘‘मारू नका, डिस्क तडकेल!’’ अर्धा तास गाडी तशीच गार होऊ दिली. त्याने सांगितलेला नियम ध्यानात ठेवा. ज्या गिअरमध्ये घाट चढाल त्याच गिअरमध्ये उतरा. इंजिनच गाडीला धरून ठेवतं, ब्रेक वळणापुरता लावायचा आणि सोडायचा. सतत पाय ठेवला की ब्रेक तापतात, ब्रेक ऑइल उकळायला लागलं की पेडल खाली जातं आणि गाडी थांबत नाही. न्यूट्रलमध्ये तर चुकूनही उतरू नका. चढणाऱ्या गाडीला आधी वाट द्या. निघण्याआधी ब्रेक पॅड आणि टायर, स्टेपनीसकट, बघून घ्या.

ए ११०४: काका, हे फार उपयोगी आहे. स्टेपनीत हवा आहे का हे मी कधी बघितलेलंच नाही, उद्याच बघतो.

बी ६०२ काकू: आता समुद्र. रत्नागिरीहून आरे-वारेवरून गणपतीपुळे, पुढे जयगड. इथून खरी मजा. जयगडपासून आगरदांड्यापर्यंत चार मोठ्या खाड्या लागतात आणि चारही ठिकाणी गाडी जंगलजेटीत, म्हणजे गाड्या नेणाऱ्या बोटीत, घालून पलीकडे जाता येतं. जयगड ते तवसाळ, धोपावे ते दाभोळ, वेश्वी ते बागमांडला आणि दिघी ते आगरदांडा. या बोटी नसत्या तर प्रत्येक खाडीला आतून लांबचा वळसा घालावा लागला असता. लोखंडी फळी खडखड करत धक्क्याला टेकते, माणूस हाताने खूण करतो, गाडी चढवायची, हॅण्डब्रेक ओढायचा आणि खाली उतरून कठड्याला उभं राहायचं. धोपाव्याला आमच्या पुढे एक टेम्पो होता, केळीच्या घडांनी भरलेला, आणि एक नवरदेव, मुंडावळ्या बांधून मोटरसायकलवर मागे बसलेला. सगळे एकाच बोटीत. शेवटची फेरी किती वाजता आहे ते मात्र त्या त्या दिवशी विचारून घ्यायचं. शनिवार-रविवारी रांग लागते.

डी ३०१ काका: वहिनी, धोपावे-दाभोळची खाडी म्हणजे वाशिष्ठी. एक सांगू? तुम्ही बामणोलीला जे पाणी पाहिलंत त्यातलंच पाणी तुम्ही दाभोळला ओलांडलंत.

बी ६०२ काकू: ते कसं? कोयना तर कराडला कृष्णेला मिळते. प्रीतिसंगमावर जाऊन आलोय आम्ही.

डी ३०१ काका: नदी कराडलाच जाते, बरोबर. पण वीज करायची म्हणून शिवसागरातलं पाणी बोगद्यातून सह्याद्रीच्या पोटातून पश्चिमेकडे वळवलंय. पोफळीला डोंगराच्या आत वीजघर आहे. घाटमाथ्यावरून कोकणात पाणी पडतं, त्या पडण्यावर चक्क्या फिरतात. कोयनेची एकूण क्षमता १९६० मेगावॅट. वीज करून झाली की ते पाणी कोळकेवाडी धरणात, तिथून परत वीज करून चिपळूणजवळ वाशिष्ठीत सोडतात. वाशिष्ठी दाभोळला समुद्रात. म्हणजे कोयनेचं थोडं पाणी बंगालच्या उपसागराला जातं आणि थोडं अरबी समुद्राला. मी पुढे वीज मंडळातच नोकरी केली, त्यामुळे हे पाठ आहे. वडिलांना एकदा समजावून सांगितलं होतं. ते म्हणाले, म्हणजे आपल्या शेतावरचं पाणी आता चिपळूणला जातं होय. आणि मग बराच वेळ गप्प बसले.

बी ६०२ काकू: काका, मी दाभोळच्या बोटीत कठड्याला टेकून त्याच पाण्याकडे बघत उभी होते आणि मला काहीच माहीत नव्हतं. शंका म्हणून आत्ता यांच्याकडून नकाशा उघडून घेतला. कोयना आणि सावित्री दोघी महाबळेश्वरच्या. सावित्री बाणकोटच्या खाडीला येते, ती आम्ही वेश्वीला ओलांडली. म्हणजे एकाच डोंगरावरचं पाणी आम्हाला दोनदा समुद्रावर भेटलं.

आता ए विंगच्या मुला, तुझा पाच दिवसांचा रस्ता मला सापडला. पहिला दिवस ठाणे ते बामणोली. दुसऱ्या दिवशी साताऱ्यावरून उंब्रज, पाटण, कोयनानगर आणि कुंभार्ली घाट उतरून चिपळूण, मुक्काम गुहागर. हा घाट उतरताना पोफळी लागतं, काकांनी सांगितलं ते लक्षात ठेवून बघ. तिसऱ्या दिवशी धोपाव्याहून दाभोळला उतरायचं आणि दापोली, हर्णै, केळशी करत वेळास. चौथा दिवस श्रीवर्धन नाहीतर दिवेआगर. पाचव्या दिवशी दिघीहून आगरदांडा, मुरूड, अलिबाग, घरी. चांदोली यात बसत नाही, घाईत ते करूच नकोस. बामणोलीला बोटीतून कोयनेचं जंगल बघून होईल. आणि राष्ट्रीय उद्यान पाहायचंच तर ते आपल्या पाठीमागे आहे. येऊरचा डोंगर संजय गांधी राष्ट्रीय उद्यानातच येतो, बिबटे आहेत त्यात. परत आल्यावर एखाद्या रविवारी सकाळी जा.

सी ८०४: वेळासला कासवं नक्की दिसतात का? आमची छोटी आठ वर्षांची आहे, तिला न्यायचं होतं.

बी ६०२ काकू: नक्की असं कोणी सांगू शकत नाही गं. ऑलिव्ह रिडले जातीची मादी किनाऱ्यावर येऊन वाळूत खड्डा करून अंडी घालते आणि निघून जाते. पूर्वी कोल्हे, कुत्री आणि माणसं ती अंडी पळवायची. २००२ पासून चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने गावकऱ्यांना बरोबर घेऊन हे काम उभं केलं. अंडी सापडली की उचलून कुंपणाच्या आत तसाच खड्डा करून पुरतात. साधारण पन्नास-पंचावन्न दिवसांनी पिल्लं वर येतात. फेब्रुवारीअखेर ते एप्रिल हा काळ चांगला. सकाळी आणि संध्याकाळी खड्ड्यावरच्या टोपल्या उचलून बघतात, पिल्लं असतील तर सोडतात.

पहिल्या संध्याकाळी आम्हाला काही दिसलं नाही. टोपली उचलली, नुसती वाळू. दुसऱ्या दिवशी सकाळी परत गेलो, तर वाळू मध्येच खचल्यासारखी झाली आणि एक काळा, ओलसर, बटणाएवढा तुकडा वर आला. ते डोकं होतं. मग शेजारी दुसरं. बघता बघता सतरा. चहाच्या बशीत दोन-तीन मावतील एवढी. पाण्यापासून थोडं अलीकडे सोडली, माणसांना दोरीच्या मागे उभं केलं. किनाऱ्यावरून आपणच चालत जायचं असतं त्यांनी. एक पिल्लू माणसांच्या पायाच्या जुन्या ठशात पडलं, उलटंपालटं झालं, सरळ झालं, चढलं, परत घसरलं. कोणी हात लावला नाही. एवढी माणसं उभी, पण किनाऱ्यावर फक्त लाटेचा आवाज. शेवटी लाटच वर आली आणि घेऊन गेली त्याला. हे म्हणाले, डोळ्यांत वाळू गेली. गेली नव्हती वाळू, मला माहितीये.

राहायला गावातच घरं आहेत, घरगुती जेवण मिळतं. मुलीला जरूर ने. दोन रात्री ठेव. टॉर्च आणि फ्लॅश बंद, एवढं तिला आधीच सांग.

ए ११०४: काकू, ठरलं. गोवा रद्द. बायको मागून वाचतेय, ती म्हणते वेळासला आम्हीही दोन रात्री राहणार, श्रीवर्धनचा मुक्काम सोडू.

बी ६०२ काकू: शहाणी आहे ती. रोख पैसे ठेवा, नेटवर्क मधेमधे जातं. साताऱ्यात पेट्रोल भरून मगच वर जा.

डी ३०१ काका: वहिनी, एक विचारायचं होतं. बामणोलीपर्यंत रस्ता कसा आहे? वयस्कर माणसाला गाडीत बसवेल का? मी हे सगळं आईला वाचून दाखवलं. ती पंच्याऐंशीची आहे. म्हणते, गाव नाही तर नाही, पलीकडचा डोंगर तर असेल. मला फक्त तो दाखव. गाव कोणत्या बाजूला होतं ते मी नावाड्याला सांगीन.

बी ६०२ काकू: बसवेल काका. साताऱ्यापर्यंत चांगला रस्ता आहे, पुढे वळणं आहेत, हळू जाऊ. पुढची सीट मागे पाडून देऊ, पायाखाली उशी ठेवू. बोटीत चढायला धक्क्यावर उतार आहे, दोन माणसं हाताला हवीत. हे आणि मी येतो.

ए ११०४: काका, मी पण येतो. तेवढाच घाटाचा सरावही होईल. आजींना उचलून बोटीत ठेवायचं काम माझं.

डी ३०१ काका: कधी जमेल तुम्हाला?

बी ६०२ काका: या रविवारी. पहाटे पाचला मेन गेट. आमची गाडी काढतो, ब्रेक पॅड नवीन घातलेत. आईंना रात्री लवकर झोपवा.