मदत हवी आहे: लायब्ररीच्या साइटवर मुलांना पुस्तकच सापडत नाही

फोंड्याची_मैना: कॉलेजात लायब्ररी सांभाळते. प्राचार्यांचं फर्मान: चवथीच्या सुट्टीआधी साइट 'सोपी' करा. मुलं साइट बघतात आणि सरळ काउंटरवर येऊन विचारतात, 'मॅडम, अमुक पुस्तक आहे?' मराठी पुस्तकं तर शोधात येतच नाहीत. काय करू? जरा लवकर सांगा.

ओसरी: सॉफ्टवेअर कुठलं? काय टाकून शोधता ते तरी लिहा.

मांडवीकाठ: सॉफ्टवेअर राहू दे, ॲप काढा. मुलं मोबाइल सोडून काही बघत नाहीत.

ओसरी: एका पुस्तकासाठी ॲप कोण उतरवून घेणार? आहे तीच साइट मोबाइलवर धड उघडू दे आधी.

फोंड्याची_मैना: सॉफ्टवेअर कोहा, लायब्ररीचंच असतं ते. कॉलेजच्या साइटवर आमचं एकच पान: वर प्राचार्यांचा संदेश, मग सरकत्या सूचना, शोधाची लिंक तळाला. 'तुकाराम' टाकलं की शून्य, कपाटात मात्र रांगच्या रांग. इंग्रजी अक्षरांत टाकलं की थोडी येतात.

मिरामार_वॉक: पणजीच्या मध्यवर्ती ग्रंथालयाचे सदस्य व्हा. १८३२ पासूनचं आहे, पाटोची नवी इमारत तर बघण्यासारखी.

ओसरी: त्यांनी सदस्यत्व विचारलंय का?

जुना_ग्रंथपाल: इथे दोन वेगळी दुखणी आहेत. जी थोडी येतात त्यांच्या नोंदी रोमनमध्ये केल्यात. त्यात देवनागरी शीर्षक ८८० फील्डमध्ये, म्हणजे नोंदीतल्या दुसऱ्या लिपीसाठीच्या रकान्यात, भरावं लागेल. देवनागरीत नोंद असूनही येत नसेल, तर झेब्राचं (कोहातलं शोधाचं यंत्र) इंडेक्सिंग, म्हणजे शोधासाठी शब्दांची सूची बांधणं, सीएचआर या जुन्या पद्धतीवर असणार. ते आयसीयूवर, म्हणजे देवनागरीसारख्या लिपी नीट हाताळणाऱ्या पद्धतीवर, नेऊन सगळा इंडेक्स पुन्हा बांधायचा. नोंदी श्री-लिपीसारख्या जुन्या फॉन्टातल्या असतील, तर आधी युनिकोडमध्ये आणा, नाहीतर आयसीयूही काही करणार नाही.

ओसरी: आणि शोधाची चौकट पानाच्या माथ्यावर घ्या. मग चार-पाच मुलांना मोबाइल देऊन 'हे पुस्तक शोध' म्हणा. तुम्ही मात्र मध्ये बोलायचं नाही. कुठे अडतात ते दिसेलच.

मांडवीकाठ: आमच्या मुलाला ई-जर्नल घरून उघडत नाहीत, त्याचं काय?

जुना_ग्रंथपाल: एन-लिस्टला, म्हणजे कॉलेजांना ई-जर्नल, ई-पुस्तकं देणाऱ्या योजनेला, प्रत्येकाचं वेगळं लॉगिन असतं, ते घरूनही चालतं. कॉलेजच्या आयपीवर, म्हणजे कॉलेजच्या इंटरनेटच्या पत्त्यावर, बांधलेली वर्गणी घरून नुसती उघडत नाही. पण ही माहिती साइटवर कोणी लिहीतच नाही.

फोंड्याची_मैना: सर्व्हर व्हेंडरकडे आहे. त्याला नेमकं काय लिहू?

जुना_ग्रंथपाल: 'झेब्रा आयसीयूवर न्या, पूर्ण री-इंडेक्स करा.' आधी बॅकअप मागा. चौकट हलवायला त्याची गरज नाही, ते कॉलेजची साइट बघणाऱ्याचं काम.

फोंड्याची_मैना: देव बरें करूं. प्राचार्यांचा संदेश खाली घ्यायला कोण सांगणार, तो प्रश्न उरलाच.