हवाईच्या होड्या आणि तेथील आंटी : आपले अनुभव लिहा

एका बाजूला उलांडी (तोल सांभाळणारा तरंगता ओंडका) असलेली सहा जणांची होडी वल्हवणे हा १९८६ पासून हवाई राज्याचा अधिकृत सांघिक खेळ आहे. तथापि तो जिवंत राहिला तो किनाऱ्यावर आयुष्यभर विनामोबदला राबणाऱ्या माणसांमुळे, आणि त्यांत स्त्रियांचा वाटा मोठा आहे. मोलोकाई ते ओआहू या दोन बेटांदरम्यानची पुरुषांची शर्यत १९५२ साली सुरू झाली. मधली कैवी सामुद्रधुनी स्त्रियांना झेपणार नाही असे मानले जाई. १९७५ मध्ये स्त्रियांच्या दोन चमूंनी ती पार केली, तरीही त्यांची ‘ना वाहिने ओ के काई’ ही सुमारे ४१ मैलांची शर्यत अधिकृतपणे सुरू व्हायला १९७९ साल उजाडले. तिच्या संस्थापकांपैकी हॅनी अँडरसन यांनी पुढे अनेक दशके संचालनही केले. अशाच एखाद्या आंटींच्या हाताखाली आपण वल्हे धरले असल्यास येथे लिहावे. त्या सार्वजनिक जीवनात नसतील, तर त्यांचे नाव देऊ नये.

होनोलुलूहून :
आमच्या क्लबातील आंटी एका शाळेच्या स्वयंपाकघरातून निवृत्त झाल्या आणि त्यानंतर, त्यांच्याच शब्दांत, ‘खऱ्या नोकरीला’ लागल्या. होडी पाण्यापर्यंत वाहून नेण्यास जो हात लावत नाही त्याला होडीत जागा नाही, हा त्यांचा नियम डॉक्टरांनाही लागू होता आणि बारा वर्षांच्या मुलांनाही. नव्या मुलांना त्या वेगाआधी होडी उलटली तर काय करायचे ते शिकवीत : आधी डोकी मोजायची, मग वल्ही गोळा करायची, होडी सुलटी करायची आणि पाणी उपसायचे. पहिल्या जागेवरची मुलगी लय धरते, सहावी सुकाणू सांभाळते, आणि मधून येणाऱ्या ‘हट’ या हाकेनंतर सगळ्यांची वल्ही बाजू बदलतात. हे सारे त्या वाळूवर बसवून, कोरड्यावर घोटून घेत. फी थकलेल्या मुलांची एक वही त्यांच्याकडे होती म्हणे. ती उघडलेली मी कधी पाहिली नाही.

हिलोहून, मूळ मालवण :
आमच्याकडे उलांडीची होडी लहानपणापासून पाहिलेली, त्यामुळे हिलोच्या उपसागरात प्रथम लक्ष गेले ते बांधणीकडे. येथे दोन आडव्या दांड्या सुती दोरीने होडीला आवळतात. आंटी प्रत्येक बांधणीखाली करंगळी घालून पाहतात. करंगळीचे टोक जरी आत शिरले, तरी एक शब्द न बोलता सगळी दोरी सोडतात आणि पुन्हा हातात देतात. राज्य पातळीवर खेळलेल्या तरुणाचीही यातून सुटका होत नाही. क्लबातील कोणी वारले, तर अस्थी घेऊन होड्या बाहेर जातात आणि रिंगण धरून फुले सोडतात. त्या दिवशीची बांधणी मात्र आंटी स्वतःच करतात.

ओआहूहून, थोडे वेगळे मत :
वरील सर्व खरे आहे, परंतु कौतुकाच्या भरात एक गोष्ट निसटू नये. शर्यतीच्या दिवशी पहाटेपासून तंबूत उभे राहून स्पॅम मुसुबी (डबाबंद मांसाचा काप ठेवलेले भाताचे मुटके) वळणाऱ्या बहुतेक स्त्रियाच असतात, आणि त्यांतल्या कित्येकींना वल्हवायचे असते. माझ्या ओळखीच्या एका आंटींनी साठी उलटल्यावर तंबूचे काम दोन पुरुषांवर सोपवले आणि ज्येष्ठांच्या गटात नाव घातले. ही देखील सेवाच, कारण त्यांच्यामागून चौघी आल्या.

कोनाहून :
१९७२ पासून चालत आलेल्या राणी लिलिउओकलानी शर्यतीत स्त्रिया कैलुआहून होनाउनाउपर्यंत सुमारे १८ मैल वल्हवत जातात. मी तेथे स्वयंसेवकांची नोंदणी पाहतो. दिसणारा भाग एका सकाळचा असतो. त्यामागे सोबतीच्या मोटरबोटी, परवाने, विमा, लाटा वाढल्यास कोणाला परत बोलवायचे याचे निर्णय, असे महिनोन्‌महिन्यांचे काम असते, आणि आमच्या भागात ते बराच काळ एकाच आंटींच्या डोक्यात होते. यंदा त्यांनी ते कागदावर उतरवायला घेतले आहे. वल्हे शिकायला रांग लागते, परवान्यांचे अर्ज भरायला शिकण्यासाठी मात्र आतापर्यंत दोनच मुली पुढे आल्या. कोनाच्या आसपास कोणी मराठी कुटुंब असेल, तर तिसऱ्या जागेसाठी त्यांनी मला जरूर कळवावे.