रताळं फक्त उपवासालाच का? तुमच्या घरचं तोंडीलावणं सांगा

कृष्णाकाठची
काल सांगलीच्या बाजारात मातीनं माखलेली लाल रताळी दिसली आणि आज्जीची दह्यातली रताळी आठवली. आमच्यात ती एकादशीसाठी अडत नव्हती, भाकरीशी तोंडी लावायला बारा महिने असायची. सालासकट वाफवायची, गार झाली की सोलून बोटाच्या पेराएवढ्या फोडी. घट्ट गोडसर दही, मीठ, वाटलेली हिरवी मिरची, दाण्याचं कूट. वर तेलात मोहरी, हिंग, हळद, कढीपत्त्याची चरचरीत फोडणी. उन्हाळ्यात गार खायची. पावसाळ्यात दही नाही, फोडी त्याच फोडणीत परतायच्या. थंडीत वरून लसणाची ओली पात. उपवास असला की मोहरी-हिंग-हळद बाद, तूप-जिरं. तुमच्याकडं काय करतात, लिहा सगळ्यांनी.

माणदेशी
राखेतलं रताळं!! निखाऱ्यावर टाकलं तर साल करपते आणि आत कच्चं. गरम राखेत पुरायचं आणि विसरायचं. टोकाकडनं चिकट पाक सुटला की झालं. सोलून ठेचा, मीठ, कच्चं तेल घालून कुस्करायचं. सोबत ज्वारीची भाकरी. दुसरं काही नको बघा.

अजिंक्यतारा
माणदेशी, लई भारी. आता राख कुठनं आणू फ्लॅटात 😄

माणदेशी
जाड बुडाच्या कढईत झाकण ठेवून मंद आचेवर भाजा. मधनंमधनं फिरवा.

शिक्षिका_वाई
मंद आचेचं बरोबर आहे. रताळ्यातल्या पिष्टाची साखर करणारं विकर साधारण 60 ते 75 अंशांत जोरात काम करतं. कुकरमध्ये तापमान भराभर वर जातं, त्याला वेळच मिळत नाही. म्हणून तेच रताळं राखेत जास्त गोड होतं. आणि कच्ची रताळी फ्रीजमध्ये ठेवू नका, नंतर कितीही शिजवा, आत टणक राहतात. टोपलीत, हवेशीर.

फलटणकर
माऊलींची पालखी मुक्कामाला आली की आमच्या घरी पहाटेपासून रताळी किसायला बसायचे सगळे. किसली की लगेच पाण्यात, नाहीतर काळी पडतात. मग घट्ट पिळून तूप-जिरं-मिरचीवर. तोंडीलावणं नाही म्हणता येणार, ताटातला मुख्य मान त्याचाच.
यंदा लोणंदला कुणी होतं का?

गुऱ्हाळवाली_कराड
मामाच्या गुऱ्हाळावर चुलवणाच्या राखेत भाजलेली रताळी आणि वर गरम काकवी. बास. पोळी लागत नाही, भाकरी लागत नाही.

तासगावची_सून
उपवासाच्या रताळ्यात कोथिंबीर चालते का? माहेरी साताऱ्यात चालायची, सासरी नाही चालत. मी दोन वाडगी करते, एकात घालून, एकात बिनघालून.

अजिंक्यतारा
आमच्याकडं चालते. भेंडी पण चालते.

फलटणकर
भेंडी??

सायली_मिरज
आई रताळ्याचे काप तुपात परतून त्यावर गूळ चिरून टाकायची. गूळ विरघळून कापाच्या कडेला कडकडीत व्हायचा, तेवढ्या कडा मी आधी वेचून खायचे. ती गेल्यापासून केले नाहीत. हे सगळं वाचून महाशिवरात्रीला करीन म्हणते.

कृष्णाकाठची
सायली, महाशिवरात्रीपर्यंत कशाला थांबतेस गं, या रविवारीच कर. गूळ घातल्यावर झाकण ठेवू नकोस, म्हणजे कडा कडक होतात.

गुऱ्हाळवाली_कराड
सायली ❤️ गूळ लागला तर सांग, नवा आलाय.

शिक्षिका_वाई
फलटणकर, लोणंदला माझी बहीण होती. पाऊस लई होता म्हणाली.

तासगावची_सून
कृष्णाकाठची, कूट भाजलेल्या दाण्यांचं ना? आणि आधी करून ठेवलं तर चालतं का, पाहुणे दुपारी यायचेत.

कृष्णाकाठची
हो, दाणे भाजून, सालं पाखडून, जाडसर. फोडी आणि कूट आधी तयार ठेव, दही मात्र पानं वाढताना घाल, नाहीतर पाणी सुटतं. फोडणी सगळ्यात शेवटी.