सरड्याला ‘अंगकाठी’ म्हणावं का?

घोडबंदरची: येऊरच्या जंगलफेरीला येणाऱ्या मुलांसाठी माहितीपत्रक मराठीत करतेय. विषय आहे, जंगलातल्या जागेनुसार सरड्याचं शरीर कसं बदलतं. उदाहरण कॅरिबियन बेटांवरच्या अ‍ॅनोल सरड्यांचं. क्यूबा, हिस्पॅनिओला, जमैका, पोर्तो रिको या चारही बेटांवर बुंध्याजवळ राहणाऱ्यांचे पाय लांब आणि डहाळीवर राहणाऱ्यांचे आखूड. मी लिहिलं, ‘डहाळीवरच्या सरड्याची अंगकाठी सडपातळ असते.’ मजकूर तपासणाऱ्या बाईंनी ‘अंगकाठी माणसाची असते’ म्हणून तिथे ‘देहाकृती’ घातलं. सातवीतलं पोर अडखळणार ना तिथे?

पाचपाखाडी: बाई बरोबर आहेत. माणसाची अंगकाठी, जनावराचा बांधा. आमचे आजोबा बैल बघायला गेले की आधी बांधा बघायचे. सरड्यालाही बांधाच लावा.

ऐरोलीकर: बांधा म्हटलं की भरदार शरीर डोळ्यांपुढे येतं. ‘लहान चणीचा सरडा’ कसं वाटतं?

पाचपाखाडी: चण लहान-मोठं एवढंच सांगते. इथे मुद्दा पाय आणि धड यांच्या प्रमाणाचा आहे. रुंद पृष्ठभागावर लांब पायांचा सरडा जोरात पळतो. बारीक काटकीवर त्याच पायांची अडचण होते, तिथे आखूड पायांनी धरून सावकाश चालणारा टिकतो.

घोडबंदरची: काटकी नको हो, ती वाळलेली. डहाळीच हवी. बुंधा आणि खोडही मी मुद्दाम वेगळे ठेवलेत. बुंध्यावरचा खाली जमिनीकडे नजर लावून बसतो आणि किडा दिसला की झेप घेतो. सगळीकडे ‘खोड’ लिहिलं तर हा फरकच पुसला जाईल.

नेरुळवासी: संस्कृत शब्दांची एवढी धास्ती का? ‘देहाकृती’ नेमका आहे. शास्त्राला बोलीभाषा पुरत नाही.

ऐरोलीकर: शास्त्रज्ञांना पुरली की! २०१६ साली पंख्यासारखा गळा फुलवणाऱ्या सरड्यांच्या एका नव्या प्रजातीला त्यांनी आपला ‘सरडा’ हाच शब्द नाव म्हणून दिला. त्यातली एक जाती साताऱ्याच्या चाळकेवाडी पठारावरची. आणि ‘सापसुरळी’ बघा, देहाकृती शब्दातच आली. सुरळीसारखं गोल, गुळगुळीत अंग, पाय नावापुरते. पाचोळ्यातून सरकायला दुसरं काय हवं?

नेरुळवासी: ही व्युत्पत्ती ओढूनताणून आहे. पाचोळ्यात सुरसुर आवाज करते म्हणून सुरळी.

ऐरोलीकर: मग ‘सापसुरसुरी’ झालं असतं. ‘सुरळी’तला ‘ळ’ कुठून आला?

पाचपाखाडी: आमच्याकडे ती ‘सापाची मावशी’. विषारी समजून लोक ठेचतात बिचारीला. ती अजिबात विषारी नसते, हे पत्रकात ठळक छापा.

घोडबंदरची: छापते. पण ‘ठेवण’ चालेल का? ‘शरीराची ठेवण’? की ठेवण फक्त चेहऱ्याला? मजकूर शुक्रवारी छपाईला जाणार आहे.

नेरुळवासी: ‘ळ’चं म्हणाल तर ‘सळसळ’मध्येही आहेच. तोही आवाजाचाच शब्द.

ऐरोलीकर: सळसळ पानांची. सापसुरळी जाताना मी येऊरला अगदी जवळून पाहिलीय. पाय अंगाला चिकटवून, नुसतं धड वळवत गेली. सुरळीच ती.