शब्दचर्चा : 'पांढरा चहा' म्हणजे नेमका कुठला?

प्रश्न : भेट आलेल्या डब्यावर 'व्हाइट टी' लिहिलं होतं. आईला म्हटलं, हा पांढरा चहा, तर तिने लगेच दूध तापत ठेवलं. गाळल्यावर रंग फिकट पिवळा. मग यात पांढरं काय? 'कोरा चहा' म्हटलं तर चालेल का?

उत्तर : पांढरी आहे ती कळीवरची लव. चहाच्या झुडपाच्या शेंड्याची न उमललेली कळी बारीक रुपेरी लवेने झाकलेली असते, पेरूच्या कोवळ्या पानाला पाठीमागून असते तशी. या चहाचं मूळ गाव चीनचा फुजियान प्रांत, त्यातही फूडिंगचा परिसर. नुसत्या कळ्यांच्या चहाला तिथे 'बाय हाओ यिनजेन' म्हणतात, म्हणजे पांढऱ्या लवेची रुपेरी सुई. लव नावातच आहे!

करणीही अगदी साधी. खुडलेला माल पातळ पसरून कोमेजू द्यायचा, मग वाळवायचा. हिरव्या चहाची पानं लगेच कढईत परततात किंवा वाफवतात, म्हणून ती हिरवी राहतात. काळ्या चहाची पानं चुरगाळून हवेवर पुरती काळपट होऊ देतात. पांढऱ्याच्या वाट्याला यातलं काहीच येत नाही, म्हणून लव शाबूत राहते.

'कोरा' मात्र नको. कोरा म्हणजे बिनदुधाचा. ती पिण्याची रीत झाली, पानाची जात नव्हे. 'काळा चहा'चा घोळ तर आधीच आहे, कारण घरोघरी कोऱ्यालाच काळा म्हणतात. चिनी लोक आपल्या काळ्या चहाला 'होंग छा', लाल चहा म्हणतात. ते कपातला रंग पाहतात. रंगावरून पडलेली नावं अशी फसवतात. चीनमधल्या आन्जी भागाचा 'आन्जी बाय छा' (बाय म्हणजे पांढरा) नावाने पांढरा, पण करणीने हिरवा. तिथे वसंतातलं पानच फिकं असतं.

माझं मत, 'पांढरा चहा'च ठेवावा आणि आपल्या नेहमीच्याला 'दुधाचा चहा' म्हणावं. फक्त पांढरा म्हणजे बिनकॅफिनचा असं कुणी समजू नये, कोवळ्या कळीत कॅफिन भरपूर असतं.

प्रश्नकर्ती : आत्ता एक कळी खिडकीशी धरून पाहिली. लव दिसली, बोटाला मखमलीसारखी लागली. आईलाही दाखवली. ती म्हणाली, "मग यात दूध कशाला घालायचं?"